तांदळात लपवलेले बूट

कोबे,
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आबांना,

पुण्याच्या सुनेचा कोल्हापूरच्या सासऱ्यांना वाकून नमस्कार. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. तुम्ही तिकडे ठणठणीत असाल, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत असाल आणि कानाचं यंत्र देवघरात ठेवून त्याला रोज उदबत्ती ओवाळत असाल, असं धरून चालते. कानात घालत नसणार एवढं नक्की.

फोनवर तुम्ही ‘आँ?’ म्हणता, मग मी ओरडते, आणि भिंतीपलीकडच्या इनोउए आजी दुसऱ्या दिवशी जिन्यात फार काळजीने विचारतात, की घरी सगळं बरं आहे ना. जपानात भिंती पातळ आणि माणसं सभ्य, त्यामुळे भांडायची सोय नाही. आपलं हे पत्रांचंच बरं. तुमचं अक्षर अजून मोत्यासारखं आहे. भाषा मात्र गोलपोस्टमागून ओरडल्यासारखी.

उन्हात फिरताना टोपी घाला असं मी दर पत्रात लिहिते आणि तुम्ही दर पत्रात ते वाक्य गाळून उत्तर देता. यंदाही लिहिलं आहे. गाळा.

आता पेढ्यांविषयी. ‘नातू जपानच्या युनिव्हर्सिटीच्या टीमचा मॅनेजर झाला’ म्हणून मे महिन्यात तुम्ही अख्ख्या पेठेत पेढे वाटलेत, आपल्या फुटबॉलवाल्या तालमीच्या फळ्यावर खडूने लिहिलंत, आणि या पत्रात विचारता आहात की मॅनेजरसाहेबांना गाडी कुठली दिली. आबा, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात, की माझी जीभ रेटली नाही. इथे मॅनेजर म्हणजे सूट घालून टीम निवडणारा नव्हे. इथल्या कॉलेजच्या संघात मॅनेजर म्हणजे एक विद्यार्थीच असतो. तो खेळाडूंच्या बाटल्या भरतो, शर्ट धुतो, चेंडूत हवा मारतो, मुरगळलेल्या घोट्याला पट्टी बांधतो आणि सामना चालू असताना रेषेबाहेर बसतो. बहुतेक संघांत हे काम मुली करतात. शब्द इंग्रजी, पण इथे येऊन त्याने वेगळंच दप्तर उचललं आहे. स्वानंदलाही आधी हसू आलं होतं. ‘आई, आबांना सांगू नको, पेढे परत मागायला लागतील,’ म्हणाला.

तो यंदा खेळत का नाही, असं तुम्ही विचाराल. कोचने त्याला मॅनेजर केलं म्हणून. बाकीचं सवडीने.

स्वानंद आता फार शहाण्यासारखा वागतो. पूर्वी स्टेशनवर दार बंद होताना दिसलं की उडी मारून आत शिरायचा, मी मागे फलाटावर बोंबलत. आता समोरची गाडी निघून गेली तरी शांत उभा राहतो. युनिव्हर्सिटी टेकडीवर आहे. आधी तो ती चढण पळत चढायचा, आता बसने जातो. मोठा झाला, दुसरं काय.

त्यांच्या मॅनेजर लोकांत एक गंमतशीर रीत आहे. नव्या मॅनेजरला जुना मॅनेजर पहिल्याच दिवशी बाटल्या भरता भरता एक गोष्ट सांगतो. लिहिलेली कुठेच नाही, तोंडीच चालत आलेली, या संघाच्या एका सीझनची. ताइशो नऊ साल, म्हणजे आपलं १९२०. स्वानंदने मला सांगितली, आणि मला पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली. म्हटलं, ही आबांना हप्त्याहप्त्याने सांगायची.

तेव्हा ही युनिव्हर्सिटी नव्हती. व्यापार शिकवणारं एक विद्यालय होतं. मुलं खेड्यापाड्यांतली, शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची. बंदरातल्या इंग्रज व्यापाऱ्यांचा एक क्लब होता, त्यांचं बघून ही पोरं फुटबॉल शिकली. चेंडू एकच. तो फाटला की चांभाराकडून येईपर्यंत सराव बंद. कप्तानाचं नाव मोरिवाकी, सेंटर हाफ, उंच, रागीट. मॅनेजर होता ताजिमा. त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, म्हणून त्याला कुणी खेळायला घेत नसे. पण तो एकही सराव चुकवत नसे.

पहिला सामना त्या इंग्रज क्लबाशीच झाला. सात–शून्य हरले. वर इंग्रजांनी त्यांना दूध घातलेला चहा पाजला. या मुलांनी आयुष्यात कधी चहात दूध पाहिलं नव्हतं, त्यामुळे परत येताना निम्मा संघ पोट धरून बसला. मोरिवाकीने जाहीर केलं, की सीझनच्या शेवटच्या सामन्यात हाच क्लब परत समोर येणार आहे, तेव्हा आपण त्यांना हरवू आणि चहा मात्र पिणार नाही. दुसरा सामना ओसाकाच्या शाळेशी बरोबरीत सुटला. क्योतोच्या संघाला त्यांनी चिखलात हरवलं, मोरिवाकीने डोक्याने मारलेल्या गोलवर.

पुढचं पुढच्या पत्रात. धीरज प्रयोगशाळेतून अजून यायचा आहे. त्याचा नमस्कार मीच घालते, नाहीतर तो राहूनच जातो.

तुमची,
ज्ञानदा


कोबे,
१० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबा,

नमस्कार. रोक्को डोंगरावरून गार वारा सुटायला लागला आहे. गॅलरीत वाळत टाकलेले संघाचे शर्ट खाली पडून लोकांच्या सायकलींवर जाऊन बसतात. हो, शर्ट धुणं आमच्याकडेही येतं. मॅनेजरची आई म्हणजे बिनपगारी असिस्टंट मॅनेजर.

तुमचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. ‘पाणी भरण्यात लाज न्हाई. पण पाय धड असताना पोरगं रेषेभायेर बसतंय म्हंजे त्या कोचला म्हणावं आधी डोळे तपासून घे. हितं आण त्याला. मी खेळवतो.’ आबा, मी अर्धंच सांगितलं आणि तुम्ही उरलेलं अर्धं स्वतःच भरून घेतलंत. चूक माझी. कोच बरा माणूस आहे. त्याचे डोळेही चांगले आहेत.

आणि मग तुम्ही पुढचं सगळं ठरवूनच टाकलंत. डिसेंबरअखेर सुरेश स्मृती सामना, त्यात स्वानंद आपल्या तालमीकडून दहा मिनिटं उतरणार, त्याच्या काकांचा, सुरेशदादांचा, सात नंबरचा शर्ट घालून. चौकात फ्लेक्स लागला, त्याचा फोटो धीरजच्या फोनवर आला. आमच्या पोराला मिशा कुणी काढल्या हो? परवा व्हिडिओवर तुम्ही तो शर्ट दोन्ही हातांनी धरून दाखवलात. आईंनी जपून ठेवलेला, डांबरगोळ्यांच्या पिशवीतला. तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं, आणि तुम्ही नुसते तो शर्ट धरून बसला होतात. स्वानंदने मान हलवली. तुम्ही रडलात. मग तो बराच वेळ त्याच्या खोलीतून बाहेर आला नाही.

मी त्याला विचारलं, ‘का हो म्हणालास?’

‘हो म्हणालोच नाही. मान हलवली.’

‘आबांना तेच कळतं.’

‘मग त्यांना नाही कसं म्हणायचं, आई? मान कशी हलवायची?’ पुढे काही जपानीत पुटपुटला. त्याला मनातलं बोलायचं असलं की मराठी पुरत नाही, आणि मला कळू द्यायचं नसलं तरीही जपानीच कामाला येते.

जाऊ दे. गोष्ट सांगते.

चौथ्या सामन्याच्या सुमाराला ताजिमाच्या लक्षात आलं, की मोरिवाकी जिने चढताना थांबतो. धाप लागते. सरावानंतर बुटाच्या नाड्या सैल करतो तेव्हा पाय सुजलेले असतात. ताजिमाने एकदा त्याच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. बेरीबेरी. त्या काळी हा विद्यार्थ्यांचाच आजार म्हणत. खेड्यात ही मुलं बार्लीची भरड खाऊन वाढलेली. शहरात वसतिगृहात आली की त्यांना पांढराशुभ्र तांदूळ मिळे, तोच तीन वेळा खात. घरी पत्र लिहीत, की आता आम्ही पांढरा भात खातो. आईबाप खूश. पण त्या तांदळात जे पाहिजे ते नव्हतं, आणि त्यानेच पाय सुजत, मग हृदय दमत जाई. कारण मुलांना ठाऊक नव्हतं. जिगर कमी पडते, असंच सगळे समजत. आजारी पडणं म्हणजे जिगर नसणं, हे इथे अजूनही पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे.

मोरिवाकी म्हणाला, शेवटचा सामना झाला की झोपेन. ताजिमाने कोचला सांगितलं, वसतिगृहाच्या प्रमुखांना सांगितलं. सगळे म्हणाले, कप्तान आहे तो, त्याला कळतं. शेवटच्या सामन्याच्या सकाळी सगळं विद्यालय झेंडे घेऊन मैदानाकडे निघालं. मोरिवाकीने पिशवी उघडली, तर आत बूट नव्हते.

इथे थांबते. तुमचा निकाल लिहून कळवा.

एक मजेची गोष्ट सांगायची राहिली. गेल्या आठवड्यात मी जुन्या बुटांची एक जोडी टाकून द्यायला गेले. आमच्याकडे कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक असतात, म्हणजे कोण काय खातं आणि काय टाकतं ते सगळ्या गल्लीला कळतं. मी बूट कोबीच्या पानांत गुंडाळून जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत घातले आणि पहाटे ठेवून आले. पण बुटांच्या तळाला धातूच्या खुट्या होत्या. कचरावाल्यांनी बाकीच्या सगळ्या पिशव्या नेल्या, माझी तेवढी तिथेच ठेवली, वर मोठं स्टिकर: वर्गीकरण चूक. इनोउए आजींनी ती पिशवी उचलून, बूट काढून, पुसून, कागदात बांधून आमच्या दाराशी आणून ठेवले. वर लिहिलं होतं, की हे चुकून टाकले गेले असावेत, चांगले आहेत. दार स्वानंदने उघडलं.

आबा, इतका सभ्य देश आहे की माणसाला एक चोरी धड करता येत नाही.

कुणाचे बूट ते विचारू नका. हसा आणि सोडून द्या.

तुमची,
ज्ञानदा


कोबे,
८ डिसेंबर २०२४

आबा,

तुमचा निकाल पोचला. ‘हा कसला मॅनेजर? ह्यानं तर टीमचा घात केला. आमच्या टायमाला असता तर पंचगंगेत बुडवला असता.’ मला वाटलंच होतं. मग ठरवलं, की आता हप्ते पुरे. आम्ही एकवीसला निघतो. हे पत्र त्याच्या आधी तुमच्या हातात पडावं म्हणून जलद टपालाने पाठवते आहे. धीरजला माहीत नाही. त्याने मला बजावलं आहे, की आबांना या वयात हे सांगायचं नाही. पण तुम्ही फ्लेक्स लावलात, शर्टाला इस्त्री केलीत. आता न सांगणं म्हणजे हातावर हात ठेवून बघत बसणं.

एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीत सगळ्यांची वार्षिक तपासणी झाली. स्वानंदचा हृदयाचा आलेख वेडावाकडा आला. मोठ्या रुग्णालयात गेलो. त्याच्या हृदयाची भिंत आतून जाड झाली आहे. असा जन्मतःच घेऊन आलेला दोष असतो, वय वाढेल तसा दिसायला लागतो. दिसायला पोरगं धडधाकट. चालेल, हसेल, चढण सावकाश चढेल. पण पळालं की ते हृदय एकदम कधीही ठोका सोडू शकतं, आणि मग पुढचा ठोका येईलच असं नाही. डॉक्टर फार मवाळपणे म्हणाले, खेळायचं नाही. मग म्हणाले, ट्रेन पकडायलासुद्धा धावायचं नाही.

म्हणून तो फलाटावर उभा राहतो. मोठा झाला वगैरे मी लिहिलं ते खोटं होतं.

कोचने त्याला संघातून काढलं नाही, मॅनेजर केलं. त्या माणसाने तेवढं केलं म्हणून मी त्याच्या पाया पडायला तयार आहे. पण स्वानंदला ते तसं वाटत नाही. सामन्याच्या दिवशी तो बाटल्या भरतो, ओळीने लावतो, टाळ्या वाजवतो, आणि घरी येऊन न जेवता झोपतो. त्याला समजवायला गेले तर ‘दाइजोबू’ म्हणतो, म्हणजे मी ठीक आहे. या देशात जे ठीक नसतात तेच हा शब्द जास्त वापरतात. टाकून दिलेले बूट परत आले त्या दिवशी मात्र तो माझ्यावर ओरडला. पहिल्यांदाच. ‘दहा मिनिटांत काही होत नाही! आणि झालं तर झालं. नाहीतर काय, जन्मभर बाटल्याच भरू?’ इनोउए आजी त्यानंतर आठवडाभर मला जिन्यात दिसल्या नाहीत. ऐकलं असणार सगळं.

त्याने बूट कोल्हापूरच्या बॅगेत भरले आहेत. तळाशी, टॉवेलमध्ये. मी काढले तर तो तिकडे नवे घेईल. त्याच्या बापाने समजावलं तर दोघं पंधरा दिवस बोलत नाहीत. तो तुमच्या शर्टासाठी खेळणार आहे, आबा. तुम्ही रडलात म्हणून खेळणार आहे.

आता जे लिहायचं आहे ते दोन्ही पत्रांत टाळलं. पण लिहिते.

रुग्णालयात डॉक्टरांनी धीरजला विचारलं, तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का. धीरज म्हणाला, नाही. लगेच म्हणाला, विचारसुद्धा केला नाही. परत येताना ट्रेनमध्ये आम्ही उभे होतो. सान्नोमिया स्टेशनच्या आसपास त्याने वरची कडी दोन्ही हातांनी धरली आणि भर गर्दीत रडायला लागला. जपानी माणसं अशा वेळी खिडकीबाहेर बघतात, तशी बघत राहिली. म्हणाला, ‘ज्ञानदा, सुरेशदादा.’

पस्तीस वर्षं तुमच्या घरात एकच वाक्य आहे: सुरेश उन्हानं गेला. एप्रिलचं ऊन, भर दुपारचा सामना, हाफ टाइमनंतर कोसळला. धीरज तेव्हा शाळेत होता, तो हेच ऐकत मोठा झाला. त्यामुळे ‘अचानक गेलं’ म्हटल्यावर त्याला त्याचा सख्खा भाऊ आठवला नाही. उन्हाने गेलेला माणूस अचानक गेलेल्यांत मोडतच नव्हता.

मग धीरजचीही तपासणी झाली. त्याच्यातही तेच आहे, थोडं. गोळ्या चालू आहेत, काळजी करू नका. हे रक्तातून येतं. तुमच्याकडून की आईंकडून, ते शोधायचं कारण नाही. तुम्ही मात्र एकदा तपासून घ्या.

आबा, ते ऊन नव्हतं.

आई जायच्या आधी त्यांनी मला एक सांगितलं होतं. त्या दिवशी हाफ टाइमला सुरेशदादा तुमच्याजवळ येऊन म्हणाले होते, छातीत कसंतरी होतंय. तुम्ही रेषेवर होतात. तुम्ही म्हणालात, ‘उन्हानं हुतंय, तोंडावर पाणी मार आणि जा.’ आणि ते गेले. आई म्हणाल्या, त्या दिवसापासून ह्यांनी टोपी घातली नाही, छत्री धरली नाही. एप्रिलात दुपारी मुद्दाम बाहेर पडतात आणि रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने चालतात. मी दर पत्रात टोपी का लिहिते आणि तुम्ही ते वाक्य का गाळता, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. मी सून आहे, मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

खोटा दिलासा द्यायचा नाही म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, की त्या दिवशी त्यांना परत आत पाठवलं नसतं तर ते वाचले असते का. ते म्हणाले, त्या दिवशी कदाचित. पण त्यानंतर कधी जिन्यात, कधी स्टेशनवर, कधी झोपेत, सांगता येत नाही. मैदानावर उभ्या उभ्या तेव्हा कुणालाच कळलं नसतं, तिकडे नाही आणि इकडेही नाही. म्हणजे तुमची काहीच चूक नाही असं मी म्हणत नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढं म्हणते. नडगीवर अंगठा दाबून कळेल असा तो आजार नव्हता.

आता आपल्याला ठाऊक आहे. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

मोरिवाकीचं काय झालं ते सांगते. संघ दहा जणांनिशी उतरला आणि पाच–शून्य हरला. मोरिवाकी रेषेबाहेर अनवाणी उभा राहून शिव्या देत होता. बूट पुढे वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला सापडले, तांदळाच्या मोठ्या लाकडी पेटीत खोल पुरलेले. ताजिमाने ते नेमके त्याच पांढऱ्या तांदळात लपवले होते, का ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. कुणी त्याच्याशी बोलेना. मोरिवाकीला घरी गावाला पाठवलं. तिथे पुन्हा बार्ली खाऊन त्याचे पाय उतरले. तो म्हातारा होऊन गेला. ताजिमाशी मात्र तो परत कधी बोलला की नाही, ते गोष्टीत येत नाही. मी स्वानंदला खोदून खोदून विचारलं. म्हणाला, ‘आई, गोष्ट तिथेच संपते. आम्हाला तेवढीच सांगतात.’

आणि एक. त्याच सामन्यात डाव्या बाजूचा एक मुलगा तसेच सुजलेले पाय घेऊन शेवटपर्यंत खेळला. सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो त्या हिवाळ्यात गेला. त्याचे बूट कुणी लपवले नव्हते.

आता तुम्ही ताजिमाला पंचगंगेत बुडवायचं म्हणता. बुडवा. पण त्याच्या आधी माझं एक काम करा.

आम्ही पोचलो की स्वानंद आधी अंघोळीला जाईल, प्रवासातून आला की तो नेहमी तेच करतो. निळी बॅग, तळाला, टॉवेलमध्ये. ते बूट काढा आणि आपल्या तांदळाच्या डब्यात पुरा. मोठ्या पत्र्याच्या डब्यात, आई अंबेमोहोर ठेवायच्या त्यात. सामना होऊ द्या, फ्लेक्स राहू द्या, मिशासुद्धा राहू द्या. शर्ट त्याला अंगात घालायला द्या. आणि त्याला रेषेबाहेर तुमच्या शेजारी बसवा. तालमीच्या पोरांच्या बाटल्या त्याला भरू द्या. तो ते फार नीट करतो. तुम्ही पाहिलंत तर तुम्हालाही कळेल, ते काम कमीपणाचं नाही. तुम्ही पाहिलंत तर बहुतेक त्यालाही कळेल. मी सांगून कळत नाही, मी आई आहे.

तो चिडेल. घरभर शोधेल. ‘आबा, माझे बूट कुठेत?’ म्हणून तुमच्यासमोर येऊन ओरडेल, रडेलही. तेव्हा तुम्ही ‘आँ?’ म्हणा. परत विचारलं तर परत म्हणा. यंत्र देवघरातच राहू दे. सगळ्या कोल्हापुरात हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही.

मला भीती वाटते, आबा. बाकी कशाची नाही, तुम्ही ते बूट त्याच्या हातात द्याल, याची. द्याल असं नाही. पण भीती वाटते.

सामना दुपारचा आहे. टोपी घालून या.

सुरेशदादांची, त्यांना कधी न भेटलेली भावजय,
ज्ञानदा